जी कॉर्डची शुद्ध मांडणी

“मी, भास्कर धोंडू तांडेल, वय वर्षे चौऱ्याहत्तर, आपणांस पुन्हा एकदा विचारतो. यांपैकी शुद्ध मांडणी कोणती?”

गिटार शिकवणाऱ्या इनास मास्तरांनी डोळे मिटून घेतले.

तांडेलांच्या मांडीवर नातवाची गिटार होती आणि समोर दोन पुस्तके उघडी होती. प्रश्न जी कॉर्डचा होता; अनेक तारा एकदम छेडून निघणारा हा स्वरमेळ नवशिक्यास अगदी आरंभी शिकवतात. एका पुस्तकाच्या मते ती तर्जनी, मधले बोट व अनामिका यांनी धरावी. दुसरे पुस्तक तर्जनी मोकळी ठेवून करंगळीस कामाला लावीत होते.

“दोन्ही,” मास्तर म्हणाले.

“दोन्ही शुद्ध असणे संभवत नाही.”

“मग दोन्ही अशुद्ध समजा. पण वाजवा.”

तांडेल सातवीत शाळा सोडून मासेमारीच्या बोटीवर गेले होते. पुढचे सर्व ज्ञान त्यांनी वाचून मिळवले होते आणि जे छापलेले नाही त्यावर त्यांचा विश्वास नव्हता. कोणती बोटे लावायची हे पुढची कॉर्ड पाहून ठरते, असे मास्तरांनी सांगून पाहिले होते. तांडेलांनी पृष्ठक्रमांक विचारला होता.

“तांडेलसाहेब, समुद्रात जाळे फेकताना तुमचे कोणते बोट पुढे असायचे?”

तांडेलांनी प्रामाणिकपणे विचार केला.

“त्याविषयी माझ्या वाचनात काही आलेले नाही.”

वसईतल्या आपल्या घराच्या या ओटीवर बसून मास्तरांनी लग्नाच्या बँडसाठी कितीतरी पोरे तयार केली होती. तूर्त त्यांनी कपाळावर हात मारला.

दाराशी खुर्चीत तांडेलांच्या पत्नी शेवंतीबाई बसल्या होत्या; शिकवणीला तांडेल त्यांना बरोबर आणीत. अर्धांगाच्या झटक्यानंतर त्यांची वाचा गेली होती. चहा हवा की पाणी, एवढेही त्यांना सांगता येत नसे. बोलणे गेले तरी कधी कधी गाणे उरते, असे डॉक्टर म्हणाले होते आणि ते खरे ठरले होते. मास्तर वाजवीत तेव्हा त्या नुसत्या ऐकत. नवऱ्याने मात्र कशीबशी जी छेडली, की त्या हळदीचे गाणे धरीत... शब्दांसकट.

पण पहिल्या ओळीच्या शेवटी जीवरून सी कॉर्डवर जावे लागे. तेथे तांडेल थांबत. चष्मा सावरीत, पुस्तकात पाहत, एकेक बोट तारेवर ठेवीत. तोवर शेवंतीबाईंचे तोंड उघडेच राही...

मग मिटे.

त्या सकाळीही तसेच झाले. शेवंतीबाईंनी मान खाली घातली.

“करंगळीमुळे विलंब झाला,” तांडेल म्हणाले. “म्हणूनच विचारतो, शुद्ध मांडणी—”

मास्तर उठले. अंगणातल्या दोरीवरचा टॉवेल त्यांनी ओढून आणला आणि तांडेलांच्या डाव्या हातावर, गिटारीच्या दांडीसकट, टाकला.

“हे काय?”

“पडदा.”

“मला बोटे दिसत नाहीत.”

“बाईंनाही दिसत नाहीत. छेडा.”

तांडेलांनी नाराजीने जी छेडली. शेवंतीबाईंनी मान वर केली. पहिली ओळ आली, संपत आली. टॉवेलाखाली हात चाचपडला. एक तार खरखरली, एक मुकीच राहिली...

शेवंतीबाई त्या मुक्या तारेवरून गात पुढे निघून गेल्या.

त्या गाण्याच्या दुसऱ्या ओळीत बायका विचारतात, मांडव सजला, नवरा कुठे अडला? शेवंतीबाईंनी ते नवऱ्याकडे पाहून विचारले. मग पुढची ओळ, मग त्यापुढची. गाणे शेवटास गेले.



तांडेलांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. मग त्यांचा उजवा हात टॉवेलाकडे गेला.

“मास्तर, आता कोणती बोटे होती, तेवढे पाहून घेतो.”

मास्तरांनी टॉवेलावर तळवा दाबून धरला.

“त्यांना विचारा.”

“तिला बोलता येत नाही, हे आपणांस ठाऊक आहे.”

“मग वाजवून विचारा.”

तेव्हापासून तांडेलांच्या घरी रोज सायंकाळी हळदीचे गाणे पूर्ण होते. मास्तरांचा टॉवेल अद्याप परत आलेला नाही.