शेवंती पाणी कशी पिते

एका चिमुकल्या गावात, जिथे पहाट शेवंतीच्या वासानेच जागी व्हायची, सुगंधा नावाची मुलगी आईबरोबर राहायची. दोघी दुसऱ्याच्या मळ्यात फुलं खुडायच्या आणि देवळासाठी हार गुंफायच्या. घर त्यावरच कसंबसं चालायचं, म्हणून सुगंधाचं नाव शाळेत फार उशिरा घातलं गेलं. वर्गात अजून तिची कुणाशी गट्टी नव्हती. बिचारी कोपऱ्यात एकटीच बसायची.

एक दिवस बाईंनी सांगितलं, उद्या शाळेत प्रयोगांचा दिवस. आपल्या वर्गाने पांढरी शेवंती रंगीत पाण्यात ठेवायची, की ती रंगीत होते. फुलं कोण आणणार? सुगंधाचा हात झटकन वर गेला, आणि सगळा वर्ग पहिल्यांदाच तिच्याकडे वळून बघायला लागला.

घरी जाऊन तिने करून पाहिलं. फुलं लाल पाण्याच्या वाटीत तरंगत राहिली, खालून चिकचिकीत झाली आणि वरून पांढरी ती पांढरीच. आता सगळे हसणार, मग आपल्याशी कुणी कधीच बोलणार नाही, या विचाराने तिने जेवणाचं ताट बाजूला सारलं.

दुसऱ्या दिवशी पहाटे मळा दवाने लखलखत होता. आई पलीकडच्या वाफ्यात होती. सुगंधाने नुकताच ओवलेला हार टोपलीत ठेवला, तर टोपलीतून इवलासा हुंदका ऐकू आला. बघते तर काय, हारात बोटाएवढी परी! जांभळे-निळे नाजूक पंख, आणि एका पंखाभोवती दोऱ्याचा घट्ट वेढा.

"फुलात झोपले होते गं," परी म्हणाली, "आणि तू मला ओवून टाकलंस."

दोरा तोडला तर सगळा हार विस्कटणार होता. सुगंधाने तो लगेच तोडला.

परीने पंख झटकले, तशी सोनेरी भुकटी उडाली. "एक इच्छा माग," ती म्हणाली. "पण नियम आहेत हं. ऊन कुंपणावर यायच्या आत मागायची. मी दिलेली वस्तू माझ्याबरोबरच नाहीशी होते. मी दाखवलेलं मात्र तुझ्यापाशी राहतं."

रंगीत फुलं मागायला सुगंधाने तोंड उघडलं आणि मिटलं. परी गेली की फुलं पुन्हा पांढरी होणार, मग सगळ्या वर्गाचीच फजिती.

"माझी शेवंती रंग का पीत नाही, ते दाखव," ती हळूच म्हणाली.

परीने एका झाडाला बोट लावलं, तसा त्याचा देठ काचेसारखा आरपार दिसू लागला. आत बारीक बारीक नळ्या होत्या, आणि त्यांतून पाणी चमचमत वर पाकळ्यांपर्यंत चढत होतं.

सुगंधाने कपाळावर हात मारला. हारासाठी फूल खुडायचं ते देठ सोडून, अगदी मानेपाशी. तिच्या बोटांना तीच सवय, म्हणून प्रयोगाची फुलंही तिने तशीच खुडली होती. नळ्याच नाहीत, तर फूल पाणी पिणार कसं?

मळेवाल्या आजोबांना विचारून तिने लांब देठांची फुलं कापून घेतली. हार का तुटला ते आईला सांगितलं. आई रागावली नाही, तिने पुन्हा सुई हातात घेतली.

शाळेत फुलं लाल आणि निळ्या पाण्याच्या बाटल्यांत उभी राहिली. मधली सुट्टी झाली, तरी ती पांढरीच होती. मुलं कुजबुजू लागली आणि सुगंधा पुन्हा पुन्हा बाटल्यांपाशी जाऊन बघू लागली.

दुपारी एका पाकळीच्या कडेला गुलाबी रेघ उमटली. मग दुसरीला उमटली. पलीकडे निळाई पसरू लागली.

खिडकीत परी बसली होती, फक्त सुगंधालाच दिसत होती. "यात माझी जादू नाही बरं," ती म्हणाली आणि झगमगत्या उन्हात विरघळून गेली.

परी गेली, तरी फुलं गुलाबी आणि निळीच राहिली. सुगंधाने सुटकेचा मोठ्ठा श्वास सोडला.

"इकडे ये ना माझ्याजवळ," वर्गातली रेणू बाकावर सरकत म्हणाली. "फुलांत रंग कसा चढला, ते सांग."

सुगंधा सांगत सुटली. इतकी, की शेवटी बाईंना म्हणावं लागलं, "सुगंधा, गप्पा पुरे आता." असा ओरडा खायची तिची ही पहिलीच वेळ होती, आणि तिला फार फार बरं वाटलं.