बांधलेली बरणी

जनावरं गाडीतून हिंडायची, त्या काळची गोष्ट. गोदी वानरीण माहेराहून निघाली. लोणच्याची बरणी फुटू नये म्हणून तिने ती दोरीचे तीन वेढे देऊन गाडीला बांधली आणि पिल्लू मांडीवर घेतलं.

“ताई, सुगरणीने पिल्लासाठी विणलेली पट्ट्यांची खुर्ची मागे आहे ना? तीत बसवा त्याला,” गाडी ओढणारा रेडा म्हणाला.

“बांधून ठेवायला पोटचं पोर म्हणजे काय गाठोडं आहे?” गोदी फणकारली. “माझी मिठी आहे की घट्ट!”

घाटाच्या उतारावर गाडी दगडावर थडकली. गोदीचे हात तिच्याही नकळत उघडले.

पिल्लू खालच्या खडकांत सापडलं. गोदीने त्याला छातीशी घट्ट धरलं, पण ते आता रडत नव्हतं.

बरणी गाडीत जागच्या जागी होती. तिला साधा तडाही गेला नव्हता.