भिवा चेंडू बदलतो

वाघोशी गावात एक भोळा हमाल होता, भिवा. कांद्याची गोणी तो उशीसारखी उचलायचा. अंगात जोर भरपूर, आणि सांगितलेलं ऐकायची हौस त्याहून जास्त.

त्याची थोरली बहीण शेवंताअक्का शाळेत खेळ शिकवायची. जिल्ह्याच्या गावी बोलिंगचा हॉल निघाला आणि तिला त्याचं वेडच लागलं. लांब लाकडी लेन, टोकाला बाटलीसारख्या दहा पिना, जड चेंडू घरंगळत सोडायचा आणि पिना पाडायच्या. चार वर्षं तिथल्या स्पर्धेत अक्काची जोडी दुसरी येत होती. यंदा ऐन अंतिम सामन्याच्या सकाळी तिची जोडीदारीण तापाने झोपली. अक्काने भिवाला गाडीवर बसवलं.

"मी सांगेन तसंच करायचं," ती म्हणाली.

"तेवढंच तर येतं मला," भिवा म्हणाला.

भिवाची पहिली पाळी आली. अक्का म्हणाली, "लेनला तेल लावलेलं असतं. आधी तेल बघ, मग चेंडू निवड."

भिवा लेनवर पालथा झाला. वास घेतला. बोट फिरवून चाटलं. "तेल आहे अक्का. पण करडईचं नाही."

मग त्याने सगळ्यात गुळगुळीत चेंडू उचलला. चकचकीत लेन, चकचकीत चेंडू, जोडा शोभायला हवा. चेंडू सुळकन घसरला आणि कडेच्या गटारात गेला.

अक्काने दोन चेंडू त्याच्यापुढे ठेवले. "तेल दिसलं की खरखरीत चेंडू. तो पकड घेतो. कोरडं दिसलं की गुळगुळीत. कळलं?"

"कळलं."

दुसऱ्या पाळीपर्यंत तीस-चाळीस चेंडू जाऊन लेन कोरडी पडली होती. भिवाने समोर पाहिलं. समोर पंच उभे होते. डोक्यावर केस नव्हते, तेल मात्र चोपडलेलं होतं. तेल दिसलं. भिवाने खरखरीत चेंडू घेतला. चेंडूने अशी पकड घेतली की वळत वळत शेजारच्या लेनमध्ये शिरला आणि तिथल्या आठ पिना पाडून आला. शेजारच्यांनी टाळ्या वाजवल्या.

"भिवा, तू पंचांच्या डोक्यावर खेळतोयस का?"

"तेल दिसलं की, तूच म्हणालीस."

"ते विसर. आतापर्यंतचं सगळं विसर."

तिसऱ्या पाळीला पंचांनी कागद काढला. "नाव?"

"विसरलो."

"गाव?"

"तेही विसरलो. अक्काने सांगितलंय."

पंचांनी पाळी बाद केली.

पण त्या दिवशी अक्काचा हात असा लागला होता की विचारू नका. एकटीने ओढत ओढत तिने समोरच्या जोडीशी बरोबरी गाठली. आता शेवटचा चेंडू उरला होता, आणि तो भिवाचा होता. एक पीन पडली तरी विजेतेपदाची ढाल अक्काची.

मध्यंतरात लेनला पुन्हा तेल लावलं होतं. अक्काने भिवाला बाजूला घेतलं. अगदी हळू, एकेक शब्द सुटा करून ती म्हणाली, "माणसांकडे बघू नकोस. फक्त लेन बघ. अर्ध्यापर्यंत तेल आहे, पुढे कोरडी आहे. लेन बदलते, भिवा. आणि लेन बदलली की चेंडू बदलायचा, एवढाच हा खेळ आहे."

"एवढंच होय," भिवा म्हणाला. "आधीच सांगायचंस."

त्याने खरखरीत चेंडू सोडला. सरळ, झकास, अगदी मधोमध. अक्काने डोळे मिटून हात जोडले.

भिवाने गुळगुळीत चेंडू काखेत मारला आणि पहिल्या चेंडूमागे लेनवर धावत सुटला.

तेलावर दुसऱ्याच पावलाला तो आडवा झाला. पोटावर घसरत त्याने चेंडूला मध्यावर गाठलं, कवेत घेतलं, आणि दोन्ही चेंडूंसकट पिनांत जाऊन थडकला. दहाच्या दहा पिना उडाल्या. पंचांनी शिट्टी फुंकली आणि चेंडू बाद केला. ढाल गेली.

अक्का लेनच्या टोकाशी येऊन वाकली. "अरे, तू आत कशाला गेलास?"

पिनांच्या ढिगातून भिवाने डोकं वर काढलं. त्याला तिचाच राग आला होता.

"अक्का, लेन बदलते अर्ध्यावर," तो म्हणाला. "मग इथे उभं राहून चेंडू कसा बदलणार?"