मिरजेची डावरी

"सगळे दुसऱ्याचे खेळाडू पळवायला टपलेत, सर! तोंडावर गोड बोलायचं आणि पाठ वळली की पालकांना फोन करायचा. या क्षेत्रात कुणी कुणाचं नाही."

बेडकिहाळ सरांनी मान वर केली नाही. ते गटिंग करत होते. रॅकेटच्या चौकटीत तार ओवायची, ताणायची, बोटानं छेडून आवाज ऐकायचा.

"कुणीच नाही?"

"कुणीच."

"मीसुद्धा?"

"तुम्ही सोडून."

"मग 'कुणीच' कशाला म्हणतेस?"

सकाळची बॅच संपून हॉल रिकामा झाला होता. याच हॉलमध्ये तेजल सरांकडे बॅडमिंटन शिकली, विद्यापीठाकडून खेळली, आणि दोन वर्षांपासून सांगलीतच स्वतःचा वर्ग चालवत होती. अजूनही इथं आली की चपला बाहेर नीट जोडून ठेवायची. बोलताना मात्र नीट बोलायची नाही.

"मी काय केलं नाही सांगा. कार्डं छापली. प्रत्येक स्पर्धेत प्रत्येक कोचला दिली. ग्रुप केला, त्यात एकशे चाळीस जण आहेत. रोज व्हिडिओ टाकते. लोक अंगठा दाखवतात आणि गप्प बसतात. एकाचाही फोन येत नाही."

"कार्डावर काय लिहिलंयस?"

तिनं एक काढून दिलं. सरांनी ते हातभर लांब धरून वाचलं. प्रमाणपत्रं, पदकं, परदेशी प्रशिक्षणाचा ऑनलाइन कोर्स.

"छान आहे," सर म्हणाले. "हे वाचून मलाच भीती वाटायला लागली तुझी."

"सर, चेष्टा नको."

"चेष्टा नाही गं..."

तेवढ्यात सरांचा फोन वाजला. नांदेडहून कुणी कोच होता. सरांनी ऐकलं, म्हणाले, "अरे, त्याला घोटा दुखतोय तर खेळवू नकोस. लातूरला तो कुलकर्णी आहे ना, त्याला विचार. माझं नाव सांगू नकोस, तुझंच सांग." फोन ठेवला. तार पुन्हा ओढली.

तेजलनं फोनकडे बोट दाखवलं.

"हेच म्हणतेय मी! तुमच्याकडे सगळा महाराष्ट्र आहे. तुम्ही एक शब्द टाका. पुण्याला, ठाण्याला. माझी ओळख करून द्या."

"कशासाठी?"

"कशासाठी म्हणजे? ओळखी असाव्यात म्हणून. ओळखीशिवाय कोच संपतो सर इथं."

"तुझं काय अडलंय आत्ता?"

"काही नाही."

सरांनी रॅकेट खाली ठेवली. प्रथमच.

"तेजल. काय अडलंय?"

तिला उत्तर द्यायचं नव्हतं. मग एकदम दिलं.

"पूर्वा."

पूर्वा तिच्या वर्गातली सगळ्यांत चांगली मुलगी. नववीतून दहावीत गेलेली, हरिणासारखी पळणारी. पण समोर डावखुरी मुलगी आली की तिचं काहीतरी बिघडायचं. उजव्या हातानं खेळणाऱ्यांच्या बॅकहँडला शटल टाकायची तिला सवय. डावरीसमोर तोच कोपरा उलटा. तिथं फोरहँड तयार उभा. गेल्या वर्षी राज्य स्पर्धेत पहिल्याच फेरीत डावरी आली आणि पूर्वा हरली. यंदाचा ड्रॉ काल लागला. पहिल्याच फेरीत पुन्हा डावरी, दुसऱ्या जिल्ह्यातली.

"तिच्या वडिलांनी सांगितलंय," तेजल म्हणाली, "यंदा पहिल्या फेरीत हरली तर रॅकेट माळ्यावर. दहावीचं वर्ष आहे. ते बोलतात तसं करतात, सर. काल ती माझ्याजवळ येऊन विचारत होती... 'ताई, डावरी म्हणजे आरशातल्यासारखी असते का?' मी काय सांगू? माझ्याकडे एकही डावखुरी नाही. मी स्वतः डाव्या हातानं खेळून बघितलं. मुलं हसली."

सरही हसले. मग थांबले.

"जवळपास डावरी कुणाकडे आहे?"

"मिरजेत. मुजावरांकडे. उंच पोरगी आहे. एकदम तयार."

"मग?"

"मग काय! मुजावरांना विचारू? त्यांच्या हॉलवर पूर्वाला नेऊ? एकदा त्यांनी तिला जवळून बघितलं की झालं. माझ्या हॉलला छत पत्र्याचं, त्यांच्याकडे नवं मॅट. पालकांना काय दिसतं?"

"त्यांना तू कार्ड दिलंयस?"

"दोनदा."

सर उठले. गुडघ्यावर हात ठेवून, सावकाश. खिडकीशी गेले.

"तेजल, माझं एक काम आहे तुझ्याकडे."

"सांगा ना."

"हसू नकोस."

"नाही हसत."

"मला डबल्स शिकवता येत नाही."

तेजलला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं.

"म्हणजे?"

"म्हणजे येत नाही. सिंगल्स मी झोपेत शिकवीन. पण दुहेरीत एक मागे गेला की दुसऱ्यानं कधी सरकायचं, कुठं सरकायचं... माझ्या डोक्यात ते कधी बसलंच नाही. आता माझी दोन मुलं मिश्र दुहेरीत जिल्ह्याकडून निवडली गेलीयत. रोज एकमेकांवर आदळतात. काल मुलीच्या कपाळाला त्याची रॅकेट लागली. मी नुसता 'बघून खेळा, बघून खेळा' म्हणत ओरडतोय."

"सर, तुम्ही? तुम्हाला...?"

"तू विद्यापीठाला दुहेरी खेळलीस ना? ते मी शिकवलं नव्हतं तुला. शिबिरात शिकलीस तू."

तेजलचा चेहरा बदलला. ती पुढं सरकून बसली.

"ती पुढं उभी राहते ना, ती वळून मागं बघत असणार. तिथंच घोळ होतो. तिनं मागं बघायचंच नाही, आवाजावर खेळायचं. आणि त्यानं स्मॅश मारला की तिनं मधोमध यायचं, बाजूला नाही. सर, मी दाखवते त्यांना. आज संध्याकाळी येऊ? माझी बॅच साडेसहाला सुटते, तशीच येते. की उद्यापासून रोज येऊ? त्यांची स्पर्धा कधी आहे?"

"येशील?"

"येशील काय सर? मला आधी का नाही सांगितलंत?"

सर तिच्याकडे बघत होते. डोळ्यांत हसू होतं, पण ओठांवर आणलं नव्हतं.

"हो म्हणण्याआधी माझं कार्ड बघितलंस का?"

"तुमचं कसलं कार्ड?"

"माझी प्रमाणपत्रं, पदकं..."

तिनं आपलं कार्ड उचलून परत घेतलं.

बाहेर कुणीतरी स्कूटर सुरू करायचा प्रयत्न करत होतं. ती सुरू होईना.

"हे तुम्ही मुद्दाम केलंत," ती शेवटी म्हणाली.

"मुद्दाम सांगितलं. खोटं नाही सांगितलं. त्या पोरीच्या कपाळाला टेंगूळ आहे, संध्याकाळी बघ."

"म्हणजे मी मुजावरांकडे जायचं. हात पसरून."

सरांनी रॅकेट उचलून गटिंगच्या मशीनवर चढवली.

"आणि त्यांनी पूर्वाला ओढून नेलं तर?"

"नेतील कदाचित."

"मग?"

"मग ती खेळत राहील."

तेजलच्या डोळ्यांत पाणी आलं. राग होता, बहुतेक. सरांनी खिशातून रुमाल काढून दिला. रुमालाला, रॅकेट घसरू नये म्हणून हाताला लावतात त्या रोझिनचा वास होता. तिनं नाक पुसलं आणि परत दिला.

"धुऊन दे," सर म्हणाले.

ती रुमाल मुठीत घेऊनच निघाली.

मिरजेचा हॉल दुपारीही उघडा होता. दारातून तिनं आत पाहिलं. मुजावर सर कोर्टवर उभे होते, पन्नाशीचे, पोट थोडं सुटलेलं, आणि नेटपलीकडं ती उंच मुलगी. डाव्या हातात रॅकेट. मुजावर स्वतःच तिच्याशी खेळत होते आणि धापा टाकत होते.

त्यांची नजर दाराकडे गेली. तेजलला बघून ते थबकले.

"अल्फिया, आत जा. शटलचे डबे लावून ठेव."

"सर, मध्येच?"

"जा म्हटलं ना."

मुलगी रॅकेट फिरवत मागच्या खोलीत गेली. मुजावरांनी त्या खोलीचं दार लोटून घेतलं. घाम पुसत पुढं आले.

"या मॅडम. बसा. तुमचं कार्ड आहे माझ्याकडे, दोन आहेत."

"सर, मी कार्ड द्यायला आले नाही."

"मग?"

वाटेत तिनं वाक्यं जुळवून ठेवली होती. परस्पर सहकार्य, दोन्ही संस्थांचा फायदा, वगैरे. त्यातलं एकही तिला सापडेना. मुठीतला रुमाल तिनं आणखी घट्ट धरला.

"मला येत नाही, सर."

"काय येत नाही?"

"डावखुऱ्यांसमोर पोरीला कसं उभं करायचं, ते. माझी पूर्वा गेल्या वर्षी हरली, ती माझ्यामुळे. यंदा हरली तर तिचा खेळ बंद होणार आहे. तुमच्याकडची ही मुलगी... तिच्याशी खेळू द्या तिला. रोज थोडं. इथंच आणते. आणि तुम्ही तिला काय सांगायचं ते सांगा. मी बाजूला बसते. मला पण शिकायचंय."

मुजावरांनी रॅकेट काखेत धरली.

त्यांनी तिच्याकडे पाहिलं. मग रिकाम्या कोर्टकडे. मग पुन्हा तिच्याकडे. कॉलर ओढून त्यांनी मानेवरचा घाम पुसला.

"मी रोज हिच्याशी खेळतो," ते म्हणाले. "डॉक्टरांनी बंद सांगितलंय. तिच्या तोडीची दुसरी कुणी पोरगी मिळतच नाही. कुठला कोच पाठवेना. डावरीकडनं मार खायला कोण पाठवणार?"

"मी पाठवते."

"पूर्वा कधी येईल?"

"आज शाळा सुटली की."

मुजावर मागच्या खोलीकडं वळले आणि दारावर थाप मारली.

"अल्फिया, ये गं बाहेर. पळवायला नाही आल्या मॅडम. मागायला आल्यात."