आंबेदऱ्याची चुंबळ

आंबेदऱ्यात सरपंच निवडून आला की त्याला फेटा बांधत नाहीत. तळ्याच्या बांधावर नेऊन त्याच्या बोडक्या डोक्यावर चिंध्यांची चुंबळ ठेवतात आणि तिच्यावर मातीने भरलेली पाटी. पाहुण्यांना हसू येतं. मग गावातले म्हातारे धोंडूतात्या खाकरून सांगायला लागतात.

फार पूर्वी इथे खेमाजी पाटील होता म्हणे. माणूस सचोटीचा, पण भारी ताठ. तळ्याचा बांध पुरा होईतो पागोटं उतरवणार नाही, असं तो देवीपुढे बोलून बसला होता. त्यामुळे पाटी कधी त्याच्या डोक्यावर चढली नाही. काठावर उभा राहून तो नुसते हुकूम सोडायचा. लोक वेठीला धरल्यासारखी माती ओतत आणि दिवस मावळायची वाट बघत. चोपून बसवायला कुणी थांबत नसे. असला बांध किती टिकणार?

एका आषाढात तळं तुडुंब भरलं आणि बांधाला भोक पडलं. त्याखालीच खालची आळी, लेकराबाळांनी भरलेली. पाटलाने दवंडी पिटवली, पण वरच्या आळीचं कुणी हललं नाही. "पाटलाचा बांध, पाटीलच बघंल," म्हणाले.

खेमाजी स्वतः पाटी उचलू लागला, तर ती पागोट्यावरून घसरून पडे. खालच्या आळीची माणसं लेकरंबाळं हलवण्यात गुंतली होती; तिथली सोनाक्का तेवढी मदतीला आली होती. ती म्हणाली, "पाटील, पागोट्यावर पाटी ठरत न्हाई."

खेमाजीला देवीची भीती वाटली. तरी त्याने पागोटं सोडलं. "आई, कोप माझ्यावर कर, गावावर नको," म्हणाला आणि टराटरा फाडलं. भर दिवसा बोडक्या डोक्याने तो दारोदार फिरला, प्रत्येक घरी एक चिंधी देत. "चुंबळ करा. माझ्या एकट्यानं व्हत न्हाई. या."

लोकांनी तोंडात बोटं घातली. पण पाटलाची अब्रूच हातात पडल्यावर घरी बसायचं कसं? सारं गाव पाट्या घेऊन धावलं. पागोटं शेवटच्या घरापर्यंत पुरलं, असं सांगतात. पाटलाला मात्र काही उरलं नाही. तेव्हा सोनाक्काने पदराची पट्टी फाडली, तिची चुंबळ वळली आणि त्याच्या डोक्यावर ठेवली.

बांध राहिला. देवी कोपली नाही. खेमाजीने पुन्हा पागोटं बांधलं नाही.

आजही सरपंचाच्या चुंबळीला प्रत्येक घरची चिंधी लागते. गेल्या खेपेला कलावतीबाई निवडून आल्या, तेव्हा हरलेल्या घराने चिंधी नाकारली. बाई त्यांच्या ओसरीवर जाऊन बसल्या. दुपार कलल्यावर त्या घरच्या म्हातारीने लुगड्याचा काठ फाडून दिला. तोवर सारं गाव पाट्या भरून बांधावर थांबलं होतं.