शेपटीचा पास

करकोचे पाठीवर उतारू वाहायचे, त्या काळची गोष्ट. एक खार दर आठवड्याला करकोच्यावर बसून नदीपलीकडच्या चिंचेवर जायची. भाडं एक शेंग. पण झुबकेदार शेपटी हे जादा सामान, त्याची आणखी एक.

"खारूताई, तुमचं सारखं जाणं-येणं. शेपटीसकट वर्षाचा पासच काढा ना!" करकोचा आपुलकीनं म्हणाला. आपुलकीची तेवढी तो वेगळी शेंग घेत नसे.

खारीनं हिशेब मांडला. शंभर फेऱ्या केल्या तर पास परवडत होता. पावसाळ्यासाठी पुरलेल्या सगळ्या शेंगा तिनं उकरून दिल्या. मग काय, काम असो-नसो, बाई आपल्या हवेत!

"आई, आज कुठं गं?" पिल्लं विचारायची.

"पास वसूल करायला."

वैशाखात नदी आटली. उंदीर, सरडे, अगदी कासवसुद्धा कोरड्या वाळूतून चालत चिंचेकडे निघालं. खार करकोच्याच्या रांगेत एकटीच उभी होती.

"अगं, चालत ये की!" कासवानं हाक मारली.

"तू हो पुढं," खार शेपूट फुलवत म्हणाली. "माझ्या अजून चाळीस फेऱ्या वसूल व्हायच्यात."

तिची भुकेली पिल्लं तेवढी कासवाच्या मागोमाग चालू लागली.