दोन बार

घाटाच्या तोंडाशी खिंडवडे नावाचं गाव होतं. गावाला एकच वेस, वेशीवर एकच बुरूज आणि बुरुजावर एकच लांब नळीची बंदूक. ती बंदूक म्हाकू चालवायचा. त्याच गावात रामलिंगशेट नावाचा वाणी राहत असे. तो मापात मारत नसे, दारी आलेल्याला ताक पाजत असे, आणि स्वतःला भला माणूस समजत असे. ही गोष्ट त्या भल्या माणसाची आहे. चोरांच्या गोष्टी सांगायला सोप्या असतात.

दरवर्षी नद्या उतरल्या, की घाटावरून लुटारू येत. पण ते एकदम गावात घुसत नसत. आधी चार स्वार ओढ्यापलीकडे येऊन उभे राहत आणि कान देऊन ऐकत. म्हाकू बुरुजावरून एकामागून एक बार काढी. एक, दोन, तीन, चार, पाच. पाचवा बार ऐकला, की स्वार घोडी वळवत आणि टोळी दुसरीकडे निघून जाई. पाच बार काढणाऱ्या गावाकडे सहावाही असणार, असा त्यांचा हिशेब होता. कुणाचा जीव घ्यावा लागत नसे, कुणाचा जात नसे.

त्या पाच बारांसाठी बंदुकीची दारू लागे. ती प्रत्येक घरात थोडी थोडी असे. पावसाळ्यात मिठाला पाणी सुटतं, तसंच या दारूचंही होतं. म्हणून गावात एक रीत होती. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सगळ्यांनी आपापली दारू खळ्यावर आणायची, घोंगडीवर पसरायची आणि तिला ऊन दाखवायचं. ती सुके आणि कुणाकडे किती आहे तेही सगळ्यांना दिसे. ज्याच्याकडे जास्त, त्याने बुरुजाला जास्त द्यायची. रीत जुनी होती. आपले म्हातारे काही खुळे नव्हते.

एका चैत्रात लमाणांचा तांडा गावावरून गेला. त्यांच्याकडे दारूचे चाळीस बुधले होते. ओझं हलकं करायचं म्हणून ते पडत्या भावात देत होते. रामलिंगशेटने चाळीसच्या चाळीस चामडी बुधले घेतले आणि मीठ आहे असं शेजाऱ्यांना सांगून गोठ्याखालच्या पेवात उतरवले. वर कडबा रचला.

पुढे महिनाभरात दूर मुलखात राजाची लढाई जुंपली. राजाच्या माणसांनी सगळा सोरा उचलून नेला. सोऱ्यावाचून दारू बनत नाही. बाजारात चिमूटभर मिळेना. शहरचे व्यापारी खेडोपाडी विचारत फिरू लागले. रामलिंगशेटने भाव ऐकला आणि ओठ घट्ट मिटले. आज विकावी, तर उद्या भाव आणखी चढेल. उद्या विकावी, तर परवा चढेल. आणि समजा गावावरच वेळ आली, तर? मग ठेवलेली बरी. असं म्हटलं, की हाव हाव वाटत नाही, शहाणपण वाटतं.

त्याची बायको सगुणा सडेतोड होती. भर श्रावणात ती म्हणाली, "विका, नाहीतर गावाला द्या. पण पेवात ठेवू नका. पेवात ओल असते."

"तुला यातलं काय कळतं?" शेट म्हणाला.

"मला मीठ कळतं," ती म्हणाली.

दसरा झाला. दुसऱ्या दिवशी सगळं गाव खळ्यावर जमलं. त्या वर्षी घोंगड्या मोठ्या आणि दारू एवढीशी होती. कुणी मूठभर आणली, कुणी चिमूटभर. रामलिंगशेटनेही जुन्या डब्यातली अर्धी मूठ आणून पसरली आणि सुस्कारा सोडला. "काय हे दिवस आले!" तो म्हणाला, आणि चारचौघांत त्याने डोळेसुद्धा पुसले. त्या आसवांची मला फार चीड येते. खोटं बोलणं एक वेळ समजून घेता येतं. पण ज्यांच्यापासून लपवायचं, त्यांच्याच गळ्यात पडून रडायचं?

सगळ्यांची दारू गोळा केली. म्हाकूने ती दोनदा मापली. तीन बार निघत होते.

संध्याकाळी म्हाकू शेटच्या ओट्यावर आला. दोघं एका वयाचे, एका ओढ्यात पोहायला शिकलेले. तो म्हणाला, "शेट, दोन बार कमी पडत्यात. तुमचं येणंजाणं लई ठिकाणी. कुठनं तरी दोन मुठी दारू मिळवा. मी जन्मभर उपकार इसरनार न्हाई."

दोन मुठी! खाली पेवात चाळीस बुधले होते. शेटचं काळीज हललं, हे मी नाकारत नाही. देऊन टाकावी असं त्याच्या मनात आलं. पण लगेच दुसरा विचार आला: आज दोन मुठी दिल्या, तर त्या आल्या कुठून हे गाव विचारणार. मग पेव उघडणार. मग आत्ताच खळ्यावर पुसलेले डोळे आठवणार. दोन मुठींपायी चाळीस बुधले जाणार, आणि वर अब्रूही जाणार.

"असती तर तुला नाही म्हटलं असतं का रे?" तो म्हणाला.

म्हाकूने मान डोलावली. त्याला ते खरंच वाटलं. "मग तिनावरच भागवू," तो म्हणाला, आणि ताक पिऊन गेला.

आतून सगुणा म्हणाली, "अजून वेळ गेली नाही. दारू नुसती वरवर ओलसर आहे, तोवरच तिला ऊन दाखवा."

पण ऊन दाखवायचं कुठे? ऊन काही पेवात उतरत नाही, आणि पेवातली दारू लोकांसमोर बाहेर काढता येत नाही. पेव झाकलेलंच राहिलं. कार्तिकात अवकाळी पाऊस झाला. गोठ्यातलं पाणी जमिनीत मुरलं.

मार्गशीर्षातल्या एका सकाळी ओढ्यापलीकडे चार स्वार दिसले. म्हाकू बुरुजावर चढला. पहिला बार झाला. दुसरा झाला. तिसरा त्याने जमेल तितक्या उशिराने काढला. स्वार हलले नाहीत. ते कान देऊन चौथ्याची वाट पाहत होते. सगळं गावही वाट पाहत होतं.

मग एका स्वाराने मागे वळून हात केला, आणि खिंडीतून सगळी टोळी खाली आली.

तेव्हा मात्र रामलिंगशेट धावला. त्याने कडबा उपसला, पेव उघडलं, एक बुधला खांद्यावर घेतला आणि बुरुजाच्या पायऱ्या चढला. उघड्यावर, सगळ्यांच्या देखत. आता त्याला अब्रूची पर्वा नव्हती. "घे म्हाकू! हवी तेवढी घे!" तो ओरडला.

म्हाकूने बुधल्याकडे पाहिलं. मग शेटकडे पाहिलं. विचारायला वेळ नव्हता, आणि विचारण्यासारखं काही उरलंही नव्हतं. त्याने बुधल्यात हात घातला. हाताला चिखल लागला. तरी त्याने तो नळीत ठासला आणि जळत्या वातीचा तोडा लावला. फुस्स झालं. त्याने पुन्हा लावला. पुन्हा फुस्स. तिसऱ्यांदा लावायच्या आत खालून आलेला भाला त्याच्या छातीत घुसला.

गाव लुटलं गेलं. धान्य गेलं, गुरं गेली. शेटच्या गोठ्यातलं पेव उघडंच होतं, आणि बुरुजावरून परतलेला शेट त्याच्या काठाशी उभा होता. टोळीच्या नाईकाने आत वाकून पाहिलं, बुधले मोजले, एकातला चिखल चिमटीत घेऊन चोळला आणि टाकून दिला.

"शेट," तो म्हणाला, "एवढ्यातले दोन बार आधी वाजले असते, तर आम्ही इकडं आलोच नसतो." आणि जाताना माणसांना म्हणाला, "हे राहू द्या त्याचं त्याला." चोरांनीसुद्धा ज्याला हात लावला नाही, अशी ती दौलत होती.

गावाने शेटला मारलं नाही. वाळीत टाकलं नाही. मारलं असतं, तर बरं झालं असतं.

पुढच्या दसऱ्यानंतर त्याने चाळीसही बुधले खळ्यावर आणून पसरले. सबंध खळं काळं झालं. दिवसभर ऊन लागलं, पण सोरा कधीच पाझरून गेला होता. ती नुसती माती होती. संध्याकाळी म्हाकूची बायको ठकू आली. तिने सगळ्यांसमोर पदर पसरला.

"दोन बारांपुरती द्या, शेट," ती म्हणाली.

शेटने दोन मुठी तिच्या पदरात घातल्या. तो आणखी घालू लागला, तसा तिने पदर आवरला.

"तेवढीच मागितली हुती त्यांनी," ती म्हणाली.

पुढे शेट जिवंत होता तोवर दरवर्षी ती त्या दिवशी यायची, आणि दरवर्षी दोनच मुठी न्यायची.

तात्पर्य: संकटासाठी म्हणून जे संकटातल्या माणसापासूनच लपवलं, ते कुणाच्याच कामी येत नाही, आणि दोन मुठींची वेळ टळली, की चाळीस बुधले रिते करूनही ती परत येत नाही.